डब्याखालचा उजेड

रात्री एखाद्या आडस्थानकावर गाडी खोळंबली की डब्यातले दिवे हळूहळू पिवळे पडत, पंख्यांची घरघर मंदावे, आणि वरच्या फळीवर वाचत पडलेला माणूस पुस्तक छातीवर मिटून ठेवी. मद्रास–मुंबई प्रवास वर्षानुवर्षे केलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव परका नाही. प्रवासी इंजिनाच्या नावाने बोटे मोडीत. वस्तुतः त्या उजेडाशी इंजिनाचा थेट संबंध नव्हता.

पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी झाले. तेथे घडलेला साधा डबा विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण असे. चाकांचा आस फिरे, तो पट्ट्याने जनित्र फिरवी, आणि डब्याच्या पोटाखालच्या पेटीतले शिसे-आम्लाचे घट भरत. पुढे रूढ झालेल्या ११० व्होल्टच्या रचनेत दोन-दोन व्होल्टचे ५६ घट असत, क्षमता १२० अँपिअर-तास. म्हणजे सुमारे १३ युनिट वीज. एक किलोवॅट भार धरला तर हिशेबाने तेरा तास. पण शिशाचा घट तळापर्यंत उपसू नये, निम्म्यावर थांबावे, म्हणजे उरतात साडेसहा. ज्या मार्गांवर २५,००० व्होल्टची तार आली तेथेही हा डबा आपल्या पोटातल्याच विजेवर जगे. गंगेकाठी तहानलेले राहणे म्हणतात ते हेच!

खरी अडचण साठवणीची नव्हती, भरणीची होती. गाडीने ठरावीक वेग गाठल्याखेरीज जनित्र घट भरू शकत नाही. जलद गाडीला पुरणारी बॅटरी दर स्थानकाला थांबणाऱ्या पॅसेंजरला पुरेलच असे नाही, आणि तेथे घट वाढवूनही उपयोग नाही: रांजण मोठा, धार तीच बारीक. शिवाय सतत अर्धपोटी राहिलेल्या घटात पट्टिकांवरचे शिशाचे सल्फेट कठीण होत जाते. मग धार मिळूनही तो पुरता भरत नाही. मोटारीमागे घरगाडी जोडून रानात मुक्काम करणारे हौशी लोकही आधी बॅटरीचा आकार विचारतात. ती भरणार कशाने आणि किती तासांत, हे मागाहून.

बेसिन ब्रिजच्या यार्डात गाडी विसावली की बाहेरच्या विजेने ही तूट भरून काढता येई. कामगार हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाही, ऊर्ध्वपातित पाणी घाली. चेन्नईच्या उन्हाळ्यात हे काम टाळण्याजोगे नव्हतेच. २५ अंशांवर तापमान दर १० अंशांनी वाढले की घटाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. पुढे बंदिस्त घट आले. पाणी घालण्याचा त्रास वाचला, पण आत डोकावण्याची वाटही बुजली.

या घडणीचा शेवटचा डबा १९ जानेवारी २०१८ रोजी पेरांबूरहून बाहेर पडला. नव्या घडणीचे डबे गाडीच्या टोकाच्या जनित्र-डब्याकडून किंवा इंजिनामार्फत वरच्या तारेकडून वीज घेतात. घट उरले ते आणीबाणीपुरते. गाडी खोळंबली तरी दिवा आता सहसा पिवळा पडत नाही. वरच्या फळीवरचा माणूस वाचत राहतो, आणि खालून कोणीतरी दिवा मालवण्याची विनंती करते.