बाई, आमचा वाडा पडणार!

हजेरी चालू असतानाच सहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमचा वाडा पडणार!"

झालं! वर्गात एकच गलका. "कधी?" "भूकंप होणारेय का?" मी सगळ्यांना कसंबसं गप्प केलं. तिचं बिऱ्हाड पुण्याच्या कसबा पेठेत, पणजोबांपासून एकाच वाड्यात. आता तो पाडून तिथं उंच इमारत होणार होती. "पाडायच्या आधी सगळे बघायला या ना," असं ती म्हणाली. मग काय, एका शनिवारी शाळा सुटल्यावर निघाली आमची स्वारी! बालमित्रांनो, तुम्हीही चला आमच्याबरोबर.

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. पुण्याचं ग्रामदैवत कसबा गणपती इथलाच. पुढे पेशवाईत शहर वाढलं, तशा नव्या पेठा वसत गेल्या. काहींना वारांची नावं, तर काहींना माणसांची. सदाशिवरावभाऊंची सदाशिव पेठ, नारायणराव पेशव्यांची नारायण पेठ आणि सरदार रास्त्यांची रास्ता पेठ. आळ्यांची नावं मात्र कामावरून पडली. तांबट आळीत शिरलो तेव्हा ते मला सांगावंच लागलं नाही. तांब्यावर पडणारे हातोडीचे ठोके कोपऱ्यापासूनच ऐकू येत होते. शेजारी म्हणजे नुसता पलीकडच्या घरातला माणूस नव्हे, तर त्याच कामातला सोबती. अशी होती ही वस्ती.

वाड्याच्या मोठ्या दरवाजाला छोटी दिंडी होती. वाकून आत गेलो. मध्ये चौक, चौकात तुळशीवृंदावन आणि विहीर. भोवती ओसरी, सागवानी खांब आणि वर माडी. एकेकाळी एकाच कुटुंबाचा असलेल्या या वाड्यात आता सात बिऱ्हाडं. नळ एकच आणि संडासही चौकाच्या कोपऱ्यात सगळ्यांना मिळून.

"मग भांडणं होत असतील!" एक मुलगा म्हणाला.

"तर! रोज सकाळी," ओसरीवर बसलेल्या मालकीणआजी हसल्या. "पण दुपारी त्याच बायका एकत्र पापड लाटायच्या बरं का!"

पाणी माणसांना एकत्र आणतं, ही पुण्यात जुनीच गोष्ट. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून भुयारी नळानं शहरात पाणी आणलं. ते हौदांत पडायचं आणि लोक तिथून भरून न्यायचे. हौदावर पाण्याबरोबर गावच्या बातम्याही मिळत असणारच, नाही का?

आणि एकदा पाणी न बोलावता आलं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पूर शिरला. कितीतरी जुने वाडे कोसळले. आजी तेव्हा शाळेत होत्या. "आमचा वाडा जरा उंचावर. खालच्या आळीतली तीन कुटुंबं आमच्या माडीवर येऊन राहिली. कोण कुठला, कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

मुलं वर बघत होती. एका खांबाला टेकू लावलेला आणि माडीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. "आजी, तुम्ही दुरुस्ती का नाही केली?" एकानं विचारलंच.

"अरे, २००० साली एका खोलीचं भाडं वीस रुपये होतं. सांग, कशातून करू?"

मुलांना वाटलं, आजी थट्टा करतायत. मग मी त्यांना समजावलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई होती. भाडेकरूंना कुणी वाट्टेल तसं लुटू नये, रस्त्यावर काढू नये, म्हणून कायद्यानं भाडी बांधून टाकली. १९४७ च्या कायद्यात १९४० च्या सुमाराची भाडी धरली होती. हेतू चांगलाच होता. कितीतरी गरीब कुटुंबांचं छप्पर त्यामुळे वाचलं. पण बाकी सगळं महागलं आणि भाडं तिथंच राहिलं. २००० सालापासून नवा कायदा आला. त्यानुसार भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं.

"आता करा गणित!" मी म्हटलं. चौकातच वह्या उघडल्या. वीस रुपयांचे ४ टक्के म्हणजे ऐंशी पैसे! दरवर्षी वाढवत नेलं तरी पंचवीस वर्षांनी साठ रुपयेही होत नाहीत. सात बिऱ्हाडांचं महिन्याचं भाडं मिळवलं, तरी सुताराची एका दिवसाची मजुरी निघेना.

"मग चूक कुणाची, बाई?"

काही जण म्हणाले, मालकांची. काही म्हणाले, भाडेकरूंची. वह्यांतला हिशेब पुन्हा पाहिला आणि सगळे गप्प झाले. आजींना भिंत सांभाळणं परवडत नव्हतं आणि माझ्या विद्यार्थिनीच्या आईबाबांना दुसरीकडे घर घेणं परवडत नव्हतं. म्हणून बिल्डर आला. तो उंच इमारत बांधतो, मालकाला आणि जुन्या भाडेकरूंना त्यात घरं देतो आणि उरलेली घरं विकून खर्च व नफा काढतो. काम होईपर्यंत सगळ्यांनी दुसरीकडे राहायचं. पालकहो, अशा वेळी तोंडी शब्दावर विसंबू नका. करार कागदावर आणि नोंदवलेला हवा. अर्धवट राहिलेल्या इमारतीही शहरात कमी नाहीत.

निघताना त्या मुलीनं विहिरीच्या काठावरून हात फिरवला. "बाई, आमचं सगळं एकत्र होतं. आता काय एकत्र असेल?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. परवा तिनं नवीन घरी बोलावलं होतं. चौथा मजला, लिफ्ट. "बाई, आमचं स्वतःचं बाथरूम! पावसात छताखाली बादल्या ठेवाव्या लागत नाहीत!" तिचा आनंद बघून मलाही बरं वाटलं. पण त्या मजल्यावरची दारं बंद होती. नवीन राहायला आलेल्यांची नावं तिला अजून माहीत नव्हती.

एकच दार सताड उघडं होतं. दाराशी खुर्ची टाकून मालकीणआजी बसल्या होत्या. लिफ्टमधून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, "कोण गं? कुणाकडे आलीस?"

मुलांनो, या सुट्टीत एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, लहानपणी तुम्ही कुठे राहायचात, भाडं किती होतं, पाणी कुठून भरायचात. ते वहीत लिहून काढा. आणि हो, समोरच्या दाराची बेल वाजवून तिथं कोण राहतं, तेही विचारून या!