न दिसलेला चंद्र

शाबान महिन्याची एकोणतीस तारीख होती. मगरिबनंतर सारा मोहल्ला गच्च्यांवर जमला. पण ढग दाटले होते, चंद्र कुणालाच दिसला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सातवीच्या वर्गात विचारले, "काल चंद्र होता की नव्हता?"

"नव्हता सर! असता तर आज रोजा नसता का?"

मुलांचे उत्तर अर्धे खरे होते. ढगांआड असो की क्षितिजाखाली, चंद्र कुठेतरी होताच. महिना मात्र साक्षीवाचून सुरू झाला नाही. असणे वेगळे, मानले जाणे वेगळे.

बी.एड.ला आम्ही बर्कले वाचला होता. १७१० साली त्याने मांडले की वस्तूचे असणे म्हणजे तिचे जाणवणे. माणसे पाहत नसतात तेव्हाही ईश्वर पाहतो, म्हणून जग टिकते. परीक्षेत हे लिहून गुण मिळवले, एवढेच. मुलांना आम्ही नेपच्यूनची गोष्ट सांगितली. १६१२ च्या डिसेंबरात गॅलिलिओने दुर्बिणीतून तो पाहिला, वहीत टिपलाही, पण तारा समजून. पुढे युरेनसची चाल गणिताशी जुळेना. ती का बिघडते, याचा हिशेब ल व्हेरिए यांनी मांडला आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले यांना नेपच्यून सापडला. मधली सव्वादोनशेहून अधिक वर्षे तो फिरतच होता.

हे ऐकणाऱ्यांत मागच्या बाकावरची एक मुलगी होती. ती नेहमी शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. नक्कल करते म्हणून आम्ही तिला दोन वर्षे रागावत आलो होतो. त्याच वर्षी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली आणि कळले, तिला फळा दिसतच नव्हता. युरेनसची वाकडी चाल आम्ही वर्गाला समजावत होतो. समोरच्या मुलीची वाकडी मान का वळते, हे मात्र कधी विचारले नाही.

चष्मा लावून आली त्या दिवशी ती हळूच म्हणाली, "सर, फळ्याच्या कोपऱ्यात रोज तारीख लिहिलेली असते?"

असते, बेटी. तुला दिसत नव्हती तेव्हाही होती. तुझी अडचणही आमच्या पाहण्यावाचून दोन वर्षे होतीच. फक्त तुझ्याकडून तिची साक्ष घ्यायला कुणी नव्हते.

आम्ही तिची माफी मागितली. वर्गासमोर मागितली, कारण रागावलो होतो तेही वर्गासमोरच.