विजेची गाडी आणि आमचा हिशेब

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरांत एका प्रश्नानें ठाण मांडलें होतें. घरची पेट्रोलची मोटार चौदा वर्षांची होऊन थकली होती. तिच्या जागीं विजेवर चालणारी नवी मोटार घ्यावी कीं न घ्यावी, हा तो प्रश्न. आमचे चिरंजीव पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतात. आतां पेट्रोलची गाडी घेणें म्हणजे विहिरीवर पंप बसल्यावर नवी मोट शिवून घेण्यासारखें आहे, असें त्यांचें मत. पत्नीचें म्हणणें निराळें. "वळवाचा पाऊस आला कीं सर्वांआधीं आपल्या गल्लींतली वीज जाते. मग गाडी काय ढकलीत नेणार?" असें ती विचारी. मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेले पैसे, तेंच गाडीचें भांडवल. त्यामुळें मला दोन्ही बाजूंस मान डोलवून भागण्यासारखें नव्हतें.

ह्या प्रश्नाचा खरा धनी तिसराच होता. माझे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणतों, पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. सुप्याजवळच्या आमच्या गांवीं ते राहतात, आणि महिन्यांतून एकदां त्यांस तपासणीसाठीं पुण्यास न्यावें लागतें. नगर-पुणें रस्त्याशीं त्यांचा स्नेह जुना आहे. १ जून १९४८ रोजीं, ज्या सेवेस आपण आज एस. टी. म्हणतों, तिची पहिली गाडी ह्याच रस्त्यावरून धांवली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक होते. अण्णा तेव्हां आठ वर्षांचे. "आम्ही पोरें सडकेच्या कडेला उभीं राहून गाडी पाहत होतों. ती पहिल्या दिवसाची कीं आठव्या दिवसाची, हें मात्र विचारूं नकोस," असें ते प्रामाणिकपणें सांगतात. पुढें बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनीं, १ जून २०२२ रोजीं, एस. टी.ची विजेवर चालणारी पहिली गाडी 'शिवाई' निघाली, तीही पुणें आणि नगर ह्यांच्याच दरम्यान. तेव्हां विजेच्या गाडीचा विचार करण्यास आमच्या रस्त्याइतकी योग्य जागा दुसरी कोणती असणार, असें मला वाटूं लागलें.

निर्णय करण्यापूर्वीं अनुभव घ्यावा म्हणून मे महिन्यांत मेहुण्यांची विजेची मोटार दोन दिवसांसाठीं मागून आणली. रात्रभर ती आमच्या दारांत चार्जिंगला लावून ठेवली. पहांटे निघून गांवाहून अण्णांस घेतलें व पुण्याची वाट धरली. ती गाडी चालविण्यांत जें सुख आहे तें मीं नाकबूल करणार नाहीं. इंजिनाची घरघर नाहीं, गिअर बदलण्याची खटपट नाहीं. कामरगांवचा घाट तिनें सहज पार केला. अण्णा मागें झोंपी गेले, तें थेट वाघोलीस जागे झाले.

परतीच्या वाटेवर मात्र परीक्षा झाली. नगरहून पुण्यास जाऊन येण्याचें अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर, शहरांतील फेरे निराळे. आणि मे महिन्याच्या उन्हांत गार हवेचें यंत्र अखंड चालू. गाडी वाटेंत एकदां चार्ज करणें भाग होतें. हमरस्त्यावरच्या एका चार्जिंग स्टेशनावर पोहोंचलों, तों तेथील दोन यंत्रांपैकीं एक बंद, आणि दुसऱ्यापाशीं आमच्यापुढें दोन गाड्या उभ्या. अण्णांची दिवसभर तपासणी झाली होती. रक्त काढलें होतें. जेवण नीट झालें नव्हतें. हॉटेलवाल्यानें दिलेल्या खुर्चीवर ते एक तास चाळीस मिनिटें बसून राहिले. मी अस्वस्थ होऊन येरझारा घालूं लागलों. तेव्हां ते म्हणाले, "अरे, बाजारला जातांना बैलांना वैरणपाणी होईपर्यंत आपण बसतच होतों कीं. बस तूं खालीं." त्यांनीं मला धीर दिला खरा, पण त्या रात्रीं त्यांस ताप भरला. तो ताप उन्हाचा असो कीं श्रमाचा, माझ्या मनांत तो त्या खुर्चीशीं कायमचा जोडला गेला आहे.

जूनमध्यें शाळा उघडली. एके दिवशीं गणिताचे शिक्षक रजेवर असल्यानें त्यांचा नववीचा तास मजकडे आला. मी भाषेचा शिक्षक. त्रैराशिकापुढें माझी मजल जात नाहीं. तेव्हां आमच्या घरचाच प्रश्न मीं फळ्यावर मांडला आणि मुलांस म्हटलें, "चला, तुम्हीच मला सोडवा."

पेट्रोल लिटरला सुमारें १०५ रुपये आणि आमची गाडी लिटरमागें १५ किलोमीटर जाते; म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. विजेची गाडी, चार्जिंगमधील घट धरून, एका युनिटांत ६ किलोमीटर जाते असें धरलें. घरच्या बिलांत महिन्याला शंभर युनिटांपुढें दर चढतो, हें एका मुलीनें तात्काळ निदर्शनास आणिलें. तिच्या घरचीं बिलें तीच भरते. म्हणून युनिटला १२ रुपये धरले, म्हणजे किलोमीटरला २ रुपये. बचत ५ रुपये. इथवर वर्ग विजेच्या बाजूस होता. परंतु आमच्या गरजेची विजेची मोटार तशाच पेट्रोलच्या मोटारीपेक्षां चार लाखांनीं महाग पडत होती. चार लाख भरून येण्यास ८०,००० किलोमीटर धांवावें लागतें. आणि आमचें धांवणें वर्षाला अवघें ६,०००. उत्तर आलें : तेरा वर्षें चार महिने. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. वर्ग हंसला, आणि मीही हंसलों. पण माझें हंसणें थोडें उसनें होतें.

मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील शहरांत रिक्षा चालवितात. "सर, आमच्या रिक्षाचा हिशेब करूं का?" असें म्हणून त्यानें खडू मागून घेतला. रोज १०० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस. म्हणजे ३०,००० किलोमीटर. पेट्रोल सोडून विजेवर गेल्यास किलोमीटरमागें अडीच रुपये वांचतात, आणि किंमतींतील फरक लाखाच्या आसपास. एक लाख भरून येण्यास ४०,००० किलोमीटर. उत्तर : एक वर्ष चार महिने. कर्जाचें व्याज त्यानें धरलें नव्हतें. तरी दोन उत्तरांतील अंतर कोणाच्याही नजरेंत भरण्याजोगें होतें. "मग बाबा कां घेत नाहींत?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "आम्ही वाड्यांत भाड्यानें राहतों, सर. सात बिऱ्हाडांत मीटर एक. मालक म्हणतात, गाडीला वायर लावायची नाहीं."

त्या एका वाक्यानें माझ्या डोळ्यांपुढील चित्र उलटें झालें. ज्याच्या दारांत मीटर आहे व गांठीला पैसा आहे, त्याची गाडी दिवसभर उभी असते. जो दिवसभर गाडी चालवितो, त्याच्यापाशीं रात्रीं ती चार्ज करण्यास जागा नाहीं. विजेची गाडी परवडते कीं नाहीं, हा प्रश्न ती किती धांवते व कोठें उभी राहते, ह्यांवर अवलंबून आहे.

धुराचा हिशेब मुलांनीं दुसऱ्या दिवशीं आग्रहानें करविला. एक लिटर पेट्रोल जळल्यानें सुमारें २.३ किलो कर्बवायु हवेंत जातो. आमच्या गाडींतून किलोमीटरला दीडशें ग्रॅमच्या वर. विजेच्या गाडीस धुराडें नाहीं, हें खरें. पण तिचें धुराडें चंद्रपूर, कोराडी, परळी येथें आहे. देशांतील बरीचशी वीज अद्याप कोळशावर होते, आणि सरासरीनें एका युनिटापाठीमागें सुमारें सातशें ग्रॅम कर्बवायु पडतो. सहानें भागलें तर किलोमीटरला ११७ ग्रॅम. म्हणजे लाभ आहे, पण चौथाईच. शिवाय तीस युनिट मावतील अशी बॅटरी तयार करतांनाच सुमारें दोन टन कर्बवायु हवेंत गेलेला असतो. तें ऋण फिटण्यास पंचावन्न हजार किलोमीटर लागतात. आमच्या घरीं त्यास नऊ वर्षें लागतील. रिक्षाची बॅटरी मुळांतच लहान, त्यामुळें तेथें हें ऋण फार लवकर फिटेल.

परंतु कोळशाचा हा आंकडा कायमचा नाहीं. आमच्या गांवच्या ओट्यावर बसलें कीं सुप्याच्या बाजूस डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात. आषाढांत त्यांच्या पात्यांस उसंत नसते. २०१७ सालीं जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेंतील आरंभीचा प्रकल्प आमच्याच तालुक्यांत राळेगणसिद्धीस उभा राहिला. शेतकऱ्यास रात्रीबेरात्रीं पाणी धरण्यास जावें लागूं नये, दिवसां वीज मिळावी, हा तिचा हेतु. तोच न्याय गाडीस लावतां येईल. सूर्याची वीज दिवसां असते, आणि आम्ही मात्र गाडी रात्रीं चार्ज करतों, जेव्हां कोळशाच्याच भट्ट्यांचा भार अधिक असतो. शिक्षकांच्या गाड्या सकाळपासून सायंकाळपर्यंत उभ्या कोठें असतात? शाळेच्या लिंबाखालीं.

राहतां राहिली बस. शिवाईत बसण्याच्या जागा त्रेचाळीस. अशा गाडीस किलोमीटरला सव्वा युनिट लागतें असें धरलें तर कर्बवायु पावणेनऊशें ग्रॅम होतो. कोळशाच्या विजेवर चालेपर्यंत ह्या बाबतींत ती डिझेलच्या बसपेक्षां सरस आहे असें मला म्हणवत नाहीं. मात्र बसस्थानकावर नाकास रुमाल लावून उभे राहणाऱ्यांस विचारावें, धूर नसणें म्हणजे काय. आणि तो आंकडा त्रेचाळीस जणांत वांटला कीं माणशीं वीसच ग्रॅम उरतात. निम्मी गाडी रिकामी गेली तरी चाळीस. मी एकटा बसलेल्या कोणत्याही मोटारीस, ती विजेची असो वा पेट्रोलची, हें साधणार नाहीं. चिरंजीवांस मीं हा आंकडा पाठविला, तेव्हां त्यांचें उत्तर दोन दिवस आलें नाहीं, आल्यावर त्यांत एवढेंच होतें कीं, "बाबा, हें मान्य आहे."

शेवटीं आम्ही मोटार घेतली नाहीं. मुलीचे पैसे मुलीचेच राहिले. शाळेंत व बाजारांत जाण्यासाठीं विजेची स्कूटर घेतली. एका युनिटांत ती तीस किलोमीटर जाते, आणि तिची भूक घरच्या मीटरला जाणवतही नाहीं. जुनी मोटार डागडुजी करून रात्रीअपरात्रींच्या अडचणीसाठीं ठेविली आहे. पत्नीचा त्यावरही आक्षेप आहे, पण तो चारचौघांत मांडण्याजोगा नाहीं.

अण्णा आतां तपासणीच्या आदल्या दिवशीं नगरास येतात व सकाळीं शिवाईनें आम्ही दोघे पुण्यास जातों. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस एस. टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, ह्याचा त्यांस गाडीच्या वेगापेक्षां अधिक अभिमान. पहिल्या खेपेस बस केडगांवच्या पुढें आली तेव्हां त्यांनीं मला हळूच विचारलें, "अजून इंजिन कां सुरू करीत नाहींत रे?"

नववीच्या त्या मुलाचा प्रश्न मात्र तसाच आहे. ह्या सुटीपूर्वीं आम्हां पांच शिक्षकांनीं व मुलांस शाळेंत पोहोंचविणाऱ्या नऊ रिक्षावाल्या पालकांनीं मिळून शाळेच्या व्यवस्थापक मंडळास अर्ज दिला आहे : सभागृहाच्या छपरावर सौर तावदानें बसवावींत, लिंबाखालीं स्वतंत्र मीटर घेऊन चार जागीं चार्जिंगची सोय करावी, आणि वीज ज्यानें घेतली त्यानें तिचे पैसे भरावे. अर्जांतील हिशेब त्या मुलानेंच आपल्या अक्षरांत लिहिला आहे. मंडळाची बैठक पुढील महिन्यांत भरणार आहे.