नाव जागेवर ठेवणे

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर एकट्याने नाव पुढे नेणे अवघड नाही. अवघड आहे ती जागेवर ठेवणे, आणि तीही अशी की दोन्ही हात गळाला मोकळे राहतील. उजवा खांदा वयाने आखडू लागल्यापासून मी याच एका अडचणीभोवती घुटमळतो आहे. मरळ जलपर्णीच्या कडेला झेप घेऊन आमिष पकडते, तिला नाव थोडी सरकलेली चालते. रोहू किंवा कटला मात्र कणकेचा गोळा ओठांनी चाचपतो. नाव हातभर घसरली तरी दोर ताणतो, गोळा ओढला जातो आणि मासा निघून जातो. वल्ह्याला हात घालावा तर गळ सुटतो, गळ धरावा तर नाव सुटते. ताकदवान माणूस हा घोटाळा जोरावर झाकू शकतो. जोर ओसरला की कळते, आपल्याला वल्हवता येत होते, नाव राखता येत नव्हती.

जुन्या नावाड्यांची विद्या इथे अपुरी पडते, याला कारण पाणीच बदलले आहे. ती विद्या धारेची होती: धार कुठे कापावी, कुठे तिच्या कुशीत शिरावे, नावेचे तोंड किती तिरके धरले म्हणजे पाणीच तिला पलीकडे नेईल. आता पावसाळा सरला की खाली राजापूरच्या बंधाऱ्याला पाणी अडवणारे बरगे पडतात, पंचगंगेवर तेरवाडला आणि शिरोळलाही तेच होते, आणि नदीचे तळे होते. हे बंधारे साऱ्या राज्यात कोल्हापूर पद्धतीचे म्हणून ओळखले जातात. उसाला पाणी त्यांनीच दिले, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. पण महापुराचे दिवस सोडले, आणि त्या दिवसांत शहाणा माणूस पाण्यात उतरत नाही, तर आपल्या वाट्याला येते ते तुंबलेले पाणी. त्यात धरून राहायला धार नाही आणि ढकलायला एकटा वारा आहे. उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो आणि नावेला पाचोळ्यासारखी फिरवतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की आज संगमावर एकट्याचा खरा प्रश्न वाऱ्याचा आहे, आणि त्याचे उत्तर दंडात नसून वजनाच्या मांडणीत आहे.

एकटा माणूस सवयीने मागच्या टोकाला बसतो. पुढचे टोक हलके होऊन वर उचलले जाते, वारा त्यालाच धरतो आणि नाव वाऱ्याकडे पाठ करते. तेच वजन मध्याच्या किंचित पुढे आणले की उलटे घडते. मागचे टोक वाऱ्यावर झुलते आणि तोंड आपोआप वाऱ्याकडे वळते. वाऱ्यानेच दिशा राखली की वल्ह्याला काम उरते ते अधूनमधून एका हलक्या रेट्याचे, आणि तो दांडा काखेत दाबून एका हातानेही देता येतो. कॅनडाचे बिल मेसन यांनी आपल्या पुस्तकांतून आणि चित्रपटांतून हे वजनाचे गणित जगभर नेले. तिकडचा एकटा वल्हेकरी दोघांच्या नावेत पुढच्या बैठकीवर उलट्या तोंडाने बसतो, कारण ती बैठक मध्याला जवळ असते. आपल्याकडे हे काम मुक्कामाचे सामान करते. घोंगडे, तांदूळ, स्टोव्ह, पाण्याचे डबे यांना लोक ओझे समजतात. मला ते नावेतले दुसरे माणूस वाटते. मात्र हे माणूस रात्रीत झिजते. तांदूळ शिजतो, पाणी संपते आणि सकाळी नाव पुन्हा मागे झुकते. रिकामे डबे नदीच्या पाण्याने भरून पुढे ठेवायचे. पंचगंगेचे पाणी आता पिण्यासारखे राहिलेले नाही, पण वजनाला ते चालते.

यावर पहिला आक्षेप असा की दोरीला दगड बांधून सोडला की झाले, एवढी यातायात कशाला? एका दगडावर नाव थांबत नाही, ती त्याच्याभोवती हेलपाटते आणि गळाचे दोर सोबत फिरवते. पुढे-मागे दोन दगड टाकले तर ती थांबते खरी, पण दुसरा दगड टाकायला छोट्या नावेत या टोकाहून त्या टोकाला जावे लागते, आणि लागलेला मोठा मासा दगडाच्या दोरीला वळसा घालतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुऱ्हाळाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी गोल कढई, पाण्यात सोडून बसणाऱ्याला यातले काहीच छळत नाही. काहिलीला तोंड नाही, त्यामुळे वाऱ्याने ते फिरवण्याचा प्रश्नच येत नाही. हे मला मान्य करावे लागते. काठाजवळ बसून गळ टाकायला काहील माझ्या नावेपेक्षा सरस आहे. पण वाऱ्यासमोर ती परत आणता येत नाही. खिद्रापूरच्या दिशेने निघून काठावर रात्र काढायची आणि सकाळी वाऱ्याआधी परतायचे, हे तिचे काम नव्हे.

म्यानमारमधल्या इन्ले सरोवरावरचे कोळी मागच्या टोकावर उभे राहून वल्ह्याला पाय गुंडाळतात आणि दोन्ही हात जाळ्याला मोकळे ठेवतात. याहून सुंदर उत्तर मला माहीत नाही, आणि माझ्या गुडघ्यांना ते झेपणारे नाही. आपल्याकडे सांगलीच्या होड्यांच्या शर्यतींनी या पाण्यावर वल्ह्याची प्रतिष्ठा टिकवली, पण त्यांनीच एक गैरसमजही वाढवला. पोरांना वाटते की नाव म्हणजे वेग. शर्यतीतल्या वल्हेकऱ्याला थांबता येते का, हे कुणी विचारत नाही, आणि मोटारबोटवाल्याला तर ते विचारायचीही सोय नाही.

राहिला सुरक्षेचा आक्षेप. एकट्याने जाऊच नये, नदीत मगरी आहेत, असे सांगणारे बरोबर सांगतात. म्हणून मुक्काम पाण्याच्या कडेला न करता वरच्या मळीत करावा, मासे पाण्याशी साफ करू नयेत आणि जॅकेट अंगातून काढू नये. पण सोबत म्हणजे सुरक्षा, हे समीकरणही खरे नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला जी नाव उलटली ती माणसांनी भरलेली होती. तरीही सोबती न घेण्याचे माझे खरे कारण हे नव्हेच. दोघे असले की एकाने वल्हे धरावे, दुसऱ्याने गळ. अडचण संपते, आणि तिच्याबरोबर माझा तोराही. खांदा पुरता गेला तर काहील घ्यावी लागेल, हे मला वरच्याच तर्काने कबूल आहे. पण संगमावरच्या नरसोबाच्या वाडीच्या घाटावरच्या लोकांना मी गुळाच्या काहिलीत बसलेला दिसेन, हा विचार खांद्यापेक्षा जास्त ठणकतो.