मुक्काम पोस्ट सिहोरा

हिमालयात जायला निघालेल्या कॉलेजच्या मुलांना मी आधी सिहोऱ्याला नेतो. जोशीमठ, मुनस्यारी, लेह अशी नावं वाचून आलेली ही मुलं. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या गाडीतून सिहोरा रोड स्टेशनवर उतरली की ती आधी डोंगर शोधतात. डोंगर आहेत, पण कैमूरच्या बुटक्या, झुडपाळ रांगा, त्याही लांब. जवळ दिसते ती लोहखनिजाची तांबडी धूळ, महामार्गावरचे ट्रक आणि थंडीच्या दिवसांत मटारच्या पोत्यांनी लादलेले टेम्पो. “सर, इथं काय बघायचं?” हा प्रश्न फलाटावरच येतो. इथं मुक्काम करायचा, असं मी सांगतो.

पाठीवर सॅक टाकून हिंडण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि माझं ठाम मत झालं आहे की चालणं ज्याचं तो शिकतो, मुक्काम करणं मात्र शिकवावं लागतं. गावात शिरल्यावर पहिल्या तासाला फार महत्त्व असतं. उजेड असेतोवर झोपायची जागा पक्की करायची. प्यायचं पाणी कुठलं ते विचारायचं. मोजे धुऊन वाळत टाकायचे, टाचा न्याहाळायच्या, कुठं लाल झालं असेल तिथं फोड येण्याआधीच पट्टी लावायची. उद्याची वाट दोन वेगवेगळ्या माणसांना विचारायची, कारण एकाचं उत्तर मोटारसायकलवाल्याचं असतं आणि आपल्याला पायी जायचं असतं. चहा त्यानंतर. मुलं हा क्रम बरोब्बर उलटा करतात, आणि अंधारात जागा शोधत फिरतात.

उंचावर हे असं चालत नाही. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानानं तिथं उतरलेल्या माणसानं पहिले दोन दिवस निवांत राहायचं असतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वर न्यायची नाही, हा गिर्यारोहणातला जुना दंडक आहे. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला मुक्कामातच मिळतो. धडधाकट पोरांना हे पटत नाही. दम लागत नाही म्हणून ती पहिल्याच दिवशी टेकाडावरच्या गोंपापर्यंत धावतात आणि रात्री डोकं धरून ओकाऱ्या काढतात. स्वस्थ बसण्याची सवय आधी कुठंतरी अंगी लागलेली असावी लागते. ती सिहोऱ्यात लावता येते, कारण मनाला ओढून नेणारं इथं फारसं काही नाही.

गेल्या खेपेला धर्मशाळेच्या अंगणात एका मुलीची सॅक उघडून बसलो होतो. ती चालताना सारखी पुढं झुकत होती. स्लीपिंग बॅग वर आणि शिधा, स्टोव्ह, पाण्याच्या बाटल्या तळाशी नि बाहेरच्या कप्प्यात, असं भरलेलं होतं. जड वस्तू पाठीपासून लांब गेल्या की ओझं मागं खेचतं आणि माणूस तोल सावरायला वाकतो. सगळं सतरंजीवर ओतलं. तळाला स्लीपिंग बॅग, तिच्यावर जड सामान पाठीला चिकटून खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, भोवती कपडे कोंबून ते हलणार नाही असं, सगळ्यात वर रेनकोट. मग कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे पट्टे नंतर, म्हणजे वजन खांद्यावर न लटकता कमरेच्या हाडांवर बसतं. तिनं सॅक चढवली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि ताठ उभी राहिली. “अर्धं सामान काढलंत का सर?” काढलं काहीच नव्हतं. पलीकडच्या ओट्यावर मटार सोलत बसलेल्या आजी हे सगळं मन लावून बघत होत्या. “बिटिया, अब ठीक बँधा,” एवढं त्या म्हणाल्या आणि मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवले. संध्याकाळी त्याच आजींनी आम्हाला उत्तरेची वाट सांगितली.

ती वाट रूपनाथची. सिहोऱ्याच्या उत्तरेला, एका दिवसाच्या दमदार चालीवर, बहोरीबंदजवळ कैमूरच्या पायथ्याशी पाण्याची तीन कुंडं एकाखाली एक आहेत: राम, लक्ष्मण, सीता. खालच्या कुंडाच्या काठी एका तांबूस दगडावर सम्राट अशोकाचा लेख आहे. तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, म्हणजे बावीसशे वर्षांहून जुना. अलेक्झांडर कनिंगहॅमच्या 1877च्या ग्रंथानं तो अभ्यासकांपुढं आला. ओळी जेमतेम सहा. बहोरीबंदला शांतिनाथांची प्रचंड मूर्ती आहे आणि तिगवाँला गुप्तकाळातलं सपाट छपराचं देऊळ. तीही आम्ही बघतो, पण मुलांना खाली बसवतो ते या दगडाशी.

अशोक सांगतो की आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत, पण सुरुवातीला फारसा नेट लावला नाही. संघाच्या जवळ आल्यावर लावला. नेटाचं फळ फक्त थोरांना मिळतं असं नाही, लहानांनाही मिळतं, असंही तो म्हणतो. आणि शेवटी 256 हा आकडा येतो. बरेच अभ्यासक त्याचा अर्थ लावतात तो प्रवासात घालवलेल्या रात्रींचा. हा अर्थ मला मनापासून पटतो. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी किती योजनं चाललो हे सांगत नाही, किती मुक्काम झाले ते सांगतो. दिल्लीत आणलेल्या टोपऱ्याच्या स्तंभावर याच राजानं वाटसरूंसाठी झाडं लावल्याचं, विहिरी खणल्याचं, विसाव्याच्या जागा बांधल्याचं नोंदवलं आहे. परक्या गावी रात्र काढलेल्या माणसालाच ही निकड कळते.

जर्मनीत रिखार्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरालाही ती अशीच कळली. तो मुलांना घेऊन पायी भटकायचा. 26 ऑगस्ट 1909 रोजी वादळी पावसानं गाठलं आणि त्यांना एका खेड्यातल्या शाळेत रात्र काढावी लागली. मुलं झोपली, मास्तर जागाच राहिला. सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, मग चालणाऱ्या मुलांना त्यांत का झोपू देऊ नये, हा विचार त्या रात्रीचा. त्यातून 1912 साली आल्टेनाच्या किल्ल्यात युवकांसाठी वसतिगृह सुरू झालं आणि पुढं ती चळवळ जगभर पसरली. आज आल्प्समधल्या डोंगरगावात खिसा हलका असलेल्या विद्यार्थ्यालाही स्वच्छ खाट मिळते. एका मास्तराची ती झोपमोड कामी आली.

आपल्याकडं ही सोय कसोल-मनालीच्या आसपास थोडीफार झाली आहे, कारण मुलं तिकडंच जातात. सिहोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावांत अजून ओळखीवर नाहीतर धर्मशाळेच्या मेहेरबानीवर भागवावं लागतं. आणि मुलींचा गट असेल तर रात्री दाराला आतून कडी आहे की नाही, इथपासून बघावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत इथल्याही शाळा बंद असतात. दोन वर्ग, चालू नळ, स्वच्छ संडास आणि किल्ली सांभाळणारा एक शिपाई एवढं मिळालं तर नागपूर-पुण्याची मुलं इथं हक्कानं थांबतील. भाडं घ्यावं, नावं नोंदवून घ्यावीत, निघताना वर्ग झाडून घ्यावा. फळ्यावर पुढच्या गटासाठी बहोरीबंदच्या बसची वेळ आणि वाटेत पाणी कुठं भरायचं ते मुलंच लिहून ठेवतील.