संत्र्याला ताण, सिमेंटला पाणी

वरूडहून सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालात, की संत्र्याच्या बागांतून शेंदूरजनाघाट येते. संत्र्याच्या कलमांसाठी हे गाव नावाजलेले. हिवाळ्यात इथे जाल, तेव्हा बागांबरोबर अंगणातले तुळशीवृंदावनही पाहा. सिमेंटच्या नक्षीचा पोपडा सुटलेला असेल, तर दोष नुसत्या थंडीला देऊ नका.

बर्फाळ मुलखात काँक्रीटमध्ये मुरलेले पाणी गोठते, सुमारे ९ टक्के फुगते आणि काँक्रीट फोडते. आपल्याकडे तसे होत नाही. पण घात करते ते पाणीच. कुंडीतली माती सदा ओली, ती ओल सिमेंटमध्ये झिरपते. आतली सळी गंजून फुगते आणि तडा जातो. म्हणून कुंडीच्या तळाशी पाणी निघायला भोक हवेच.

तुळशीच्या लग्नाची तयारी म्हणून कित्येक घरी आज तडा बुजवतात नि उद्या रंग देतात. असे करू नका. दिवाळीची साफसफाई काढाल, तेव्हाच हे काम धरा. सुटलेले खरवडा, तडा धुऊन ओला करा, एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू भरा. गारठ्यात सिमेंट सावकाश घट्ट होते आणि कोरडा वारा त्यातले पाणी ओढून घेतो. तेव्हा दहा दिवस ओले गोणपाट गुंडाळून ठेवा, रंग त्यानंतर.

आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेचे पाणी तोडायचे, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तो ताण संत्र्याला मानवतो. नव्या सिमेंटला मात्र त्याच दिवसांत पाणी हवे.