आधी दुसरी डिस्क लावून बघ

सीडी ड्राइव्हच्या आवाजावरून पुढे काय होणार हे ओळखता येतं. डिस्क चांगली असेल तर घरघर चढत जाते, एका सुरावर स्थिरावते आणि समोरचा दिवा भराभर लुकलुकत राहतो. वाचायला अडत असेल तर ड्राइव्ह वेग घेतो, मंदावतो, आत भिंग पुढे-मागे सरकल्याची टकटक येते, पुन्हा वेग घेतो. स्क्रीनवरची निळी पट्टी तोवर जागच्या जागी थांबलेली असते. मग चौकट उघडते: फाइल वाचता आली नाही, पुन्हा प्रयत्न करायचा की सोडून द्यायचं? नव्वदच्या दशकाच्या शेवटी ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांना हा आवाज आणि ही चौकट दोन्ही ठाऊक आहेत. मला त्या आवाजामागोमाग एक रीत मिळाली, आणि ती आजवर माझ्यासोबत आहे.

आमचं घर हैदराबादच्या काचीगुड्याला. आजोबा नांदेडकडून निजामाच्या राजधानीत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा बाबा आम्हाला सिकंदराबादला, पार्क लेनवरच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये घेऊन गेले. अख्खं शहर त्या इमारतीला सीटीसी म्हणतं. मजल्यामागून मजले, गाळ्याला लागून गाळा, काउंटरवर रॅमच्या पट्ट्या, कोपऱ्यात रिकाम्या कॅबिनेटची चळत. त्याच सुमारास, 1998 साली, शहराच्या दुसऱ्या टोकाला सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं होतं आणि हैदराबादचं नाव कॉम्प्युटरच्या संदर्भात देशभर घेतलं जात होतं. पण आमच्यासारख्या घरांपर्यंत कॉम्प्युटर पोचवला तो सीटीसीने, एकेक भाग निवडून, डोळ्यांदेखत जोडून.

पहिला हट्ट होता एज ऑफ एम्पायर्सच्या दुसऱ्या भागाचा. तो गेम 1999 साली आला होता आणि शाळेत त्याच्याखेरीज दुसरा विषय नव्हता. डिस्क आणली, ड्राइव्हमध्ये ठेवली, पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. घरात लगेच तीन निकाल लागले. दादा म्हणाला, दुकानदाराने खराब डिस्क गळ्यात मारली. बाबा म्हणाले, कॉम्प्युटरच कमी ताकदीचा आहे. आई म्हणाली, उन्हाळ्यात करंट सारखा कमी-जास्त होतो, त्याचाच हा परिणाम. कोड्यात भर म्हणजे त्याच ड्राइव्हमध्ये गाण्यांची सीडी मात्र सुरेख वाजत होती.

बाबांनी डिस्क आणि कॅबिनेट दोन्ही रिक्षात घालून सीटीसी गाठलं. तिथल्या एका अरुंद गाळ्यात एक वयस्कर कारागीर बसत. आम्ही मुलं त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी तिन्ही निकाल शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटा, पैले दुसरी डिस्क लगाओ. फिर येइच डिस्क दुसरे ड्राइव्ह में लगाओ. एक टाइम पे एकइच चीज बदलो.”

मग त्यांनी तसंच केलं. गच्च भरलेली दुसरी डिस्क आमच्या ड्राइव्हमध्ये लावली. तीही अडली. आमची डिस्क त्यांच्या ड्राइव्हमध्ये लावली. ती शेवटपर्यंत वाचली गेली. म्हणजे डिस्क सुटली, आणि तिच्यासोबत दुकानदारही सुटला. मग कॅबिनेट उघडून चपटी केबल बदलली, फरक पडला नाही. पॉवरची पिन दुसरी लावली, तरी तेच. उरला फक्त ड्राइव्ह. त्यांनी तो उघडला, कानातल्या बड्सच्या टोकाला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलं आणि आतल्या मसुराएवढ्या भिंगावरून अलगद फिरवलं. थिनर का नाही, असं दादाने विचारलं, तर भिंग प्लास्टिकचं असतं, थिनर त्याला खातं, असं त्यांनी समजावलं. कापसावर काळपट धूळ आली. काचीगुड्याच्या रस्त्यावरची, आमच्या खिडकीतून आलेली धूळ होती ती. पुढच्या खेपेला पट्टी शेवटपर्यंत गेली.

गेम मी मनसोक्त खेळलो. पण त्याहून जास्त डोक्यात राहिला तो गाण्यांच्या सीडीचा प्रश्न. भिंगावर धूळ होती, तर गाणी कशी वाजत होती? त्याचं उत्तर मिळायला मला इंजिनिअरिंगच्या वर्गापर्यंत थांबावं लागलं, आणि ते मिळालं तेव्हा या 12 सेंटिमीटर व्यासाच्या वस्तूबद्दलचा माझा आदर कायमचा वाढला.

सीडीवरची माहिती एकाच लांबलचक सर्पिल रेषेत लिहिलेली असते. ती मध्यापासून सुरू होते आणि कडेकडे जाते. रेषेच्या दोन वळणांत अंतर 1.6 मायक्रॉन, आणि सगळी रेषा सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब. म्हणून भरलेल्या डिस्कवर इन्स्टॉलेशन उशिरा अडलं तर बिघाड बहुधा कडेजवळ असतो, जिथे हाताळताना आपली बोटं लागतात. इतकी बारीक रेषा माणसांच्या घरात, धुळीत, मुलांच्या हातांत जाणार हे ती बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. 1960 साली अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेली पद्धत फिलिप्स आणि सोनीच्या अभियंत्यांनी सीडीसाठी वापरली. डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या दर 32 बाइटांतले 8 बाइट केवळ दुरुस्तीसाठी असतात. शिवाय शेजारशेजारची माहिती मुद्दाम पांगवून लिहिलेली असते. काचीगुड्याहून मनमाडकडे निघालेलं वऱ्हाड एकाच डब्यात न बसवता साऱ्या गाडीत थोडं थोडं बसवावं, म्हणजे एखादा डबा मागे राहिला तरी लग्न अडत नाही, तसं हे आहे. त्यामुळे रेषेचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा गेला तरी ड्राइव्ह तो भरून काढू शकतो.

गाण्याच्या सीडीत दुरुस्ती कमी पडली, तर प्लेअर आजूबाजूच्या सुरांवरून मधला सूर अंदाजाने भरतो. कानाला कळतही नाही. प्रोग्रॅमच्या बाबतीत अंदाज चालत नाही, एक अंक चुकला तरी फाइल निकामी. म्हणून सीडी-रॉममध्ये दुरुस्तीचा आणखी एक थर घातला: 2352 बाइटांच्या सेक्टरमध्ये माहिती 2048 बाइटांची, आणि उरलेल्यांतले 276 पुन्हा दुरुस्तीचेच. त्यातूनही चूक सुटली नाही, तरच ती चौकट उघडते. शिवाय गाणं एकपट वेगाने वाजतं आणि इन्स्टॉलेशन अनेक पट वेगाने चालतं, तेव्हा धुळकट भिंगावर ताण येतो तो इथे. म्हणजे चौकट दिसेपर्यंत ड्राइव्हने आपल्या नकळत शेकडो चुका दुरुस्त केलेल्या असतात. अपयशाची सूचना देणाऱ्या यंत्राने त्याआधी किती निभावून नेलं, हे कळल्यावर त्याच्यावर चिडणं मला कधी जमलं नाही.

कॉलेजात ही रीत रोज कामी आली. हॉस्टेलवरच्या मित्रांचे गेम अडले की निरोप यायचा. डिस्क पुसायची ती मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो रेषेच्या दिशेने पडतो आणि सलग लांब तुकडा नेतो, आडवा ओरखडा मात्र दर वळणाला जरासाच लागतो. छापील बाजू जास्त जपायची, कारण माहितीचा थर तिच्याच अगदी खाली असतो. डिस्क अधूनमधून अडत असेल तर सगळं आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून तिथून सेटअप चालवायचा.

कधी डिस्क निर्दोष, ड्राइव्ह निर्दोष आणि तरी इन्स्टॉलेशन तासन्‌तास चाले, माउसही अडखळे. विंडोज एक्सपी वाचनातल्या चुका मोजत असे. त्या सहापर्यंत पोचल्या की ड्राइव्हचा वेग पायरीपायरीने उतरवत असे, चुका होतच राहिल्या तर शेवटी त्याला डीएमए या जलद मार्गावरून काढून पीआयओ या संथ मार्गावर टाकत असे, आणि पुढे चांगली डिस्क लावली तरी तिथेच ठेवत असे. एका खराब डिस्कची शिक्षा ड्राइव्ह महिनोन्‌महिने भोगत राही. डिव्हाइस मॅनेजरमधून त्या ड्राइव्हचा आयडीई चॅनल काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की ड्राइव्ह पूर्ववत होई. कधी बर्निंगचं एखादं सॉफ्टवेअर काढल्यावर ड्राइव्ह ‘माय कॉम्प्युटर’मधून नाहीसाच होई. मित्र नवा ड्राइव्ह घ्यायला निघालेला असे. प्रत्यक्षात रजिस्ट्रीत अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या दोन नोंदी मागे राहिलेल्या असत, त्या काढल्या की ड्राइव्ह परत दिसे. किती धडधाकट ड्राइव्ह केवळ घाईच्या निकालामुळे भंगारात गेले असतील, याचं मला आजही वाईट वाटतं.

या क्रमाने तपासताना एकदा असं उत्तर आलं, जे मी अपेक्षिलं नव्हतं. 2015 नंतर नव्या कॉम्प्युटरवर जुने काही गेम लावून पाहिले. डिस्क स्वच्छ, ड्राइव्ह उत्तम, इन्स्टॉलेशन पूर्ण, तरी गेम उघडेना. नकला होऊ नयेत म्हणून त्या काळच्या अनेक गेमवर सेफडिस्कसारखं कुलूप असे. डिस्कवर काही जागा मुद्दाम वाचता न येणाऱ्या ठेवत, आणि त्या तशाच आहेत का हे गेम सुरू होताना तपासत. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या भागात चाले आणि त्यातून घुसखोरीला वाट मिळू शकत होती. विंडोज 10 मध्ये तो ठेवलाच नाही, आणि 2015च्याच सप्टेंबरमधल्या सुरक्षा अपडेटने जुन्या विंडोजमध्येही तो बंद झाला. निर्णय योग्यच होता. पण पैसे देऊन घेतलेली, जिवापाड जपलेली डिस्क स्वतःचा काहीही दोष नसताना मुकी झाली. वस्तू शाबूत राहिली म्हणजे तिच्यातलं राहिलंच असं नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

ते किती खरं आहे हे मावशीने आणलेल्या पिशवीने दाखवलं. पिशवीत तिच्या लेकीच्या लग्नाच्या व्हीसीडी होत्या आणि फोटोंची एक डिस्क. काका त्यानंतर लवकरच गेले. त्यांचं चालणं-बोलणं उरलं होतं ते तेवढ्यात. डीव्हीडी प्लेअर कधीच मोडला होता, लॅपटॉपला ड्राइव्ह नव्हता, आणि दुकानात कुणीतरी “या गेल्या” असं सांगून टाकलं होतं. मी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला आणि चाचांच्या क्रमाने सुरुवात केली.

व्हीसीडीत चित्रासाठी जास्त जागा मिळावी म्हणून सीडी-रॉममधला तो जादा दुरुस्तीचा थर वगळलेला असतो. चित्रात क्षणभर चौकोन उठले तर पाहणारा सांभाळून घेईल, हा त्यामागचा विचार. म्हणून प्लेअरवर चालणारी व्हीसीडी कॉम्प्युटरवर कॉपी करताना पहिल्याच चुकीला अडते, आणि लोक तिला मेलेली समजतात. दुसरं असं, की लग्नाच्या डिस्क गेमच्या डिस्कसारख्या कारखान्यात ठशाने छापलेल्या नसतात. त्या रंगद्रव्याच्या थरावर लेझरने लिहिलेल्या असतात, आणि ऊन-उष्णतेने तो थर उतरतो. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसऱ्याने वाचली. व्हीसीडी वाचणारं साधन बिघडलेली जागा ओलांडून पुढे जाणारं निवडलं. फोटोंच्या डिस्कला डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी सगळे सुस्थितीतले भाग उचलून सुरक्षित ठेवतं आणि मगच अवघड जागांकडे पुन्हा पुन्हा वळतं. रात्रभर ते चालू होतं. काही फोटो अर्धेच आले. पण वरातीपुढे चालणारे काका आले, जावयाशी बोलणारे काका आले, आवाजासकट. मावशीने ते पाहिलं तेव्हा तिच्या शेजारी मी होतो, आणि आयुष्यात शिकलेल्या कुठल्याही तंत्राचा मला इतका आनंद झालेला नाही.

रीड आणि सॉलोमन यांचं गणित आता डिस्कपुरतं राहिलेलं नाही. इराणी चहाच्या हॉटेलात गल्ल्यावर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये तेच आहे. जपानच्या डेन्सो वेव्हने 1994 मध्ये तो कोड तयार केला तेव्हा त्यात नुकसान सोसायच्या चार पायऱ्या ठेवल्या: सुमारे 7, 15, 25 किंवा 30 टक्के भाग गेला तरी कोड वाचता यावा. कागदाचा कोपरा फाटला, चहा सांडला, तरी पैसे पोचतात. माणसं वस्तू सांडतील, ओरखडतील, विसरतील, तरी त्यांचं काम अडू नये, ही त्या रचनेतली माया मला तिथेही दिसते.

पण या मायेला मुदत आहे. डिस्क वर्षानुवर्षं थोडी थोडी उतरते, आणि ती वाचणारे ड्राइव्ह त्याहून वेगाने नाहीसे होताहेत. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी इथल्या कितीतरी मराठी घरांत लग्नं, मुंजी, गल्लीतले गणपती, आजी-आजोबांची पंच्याहत्तरी अशाच चकत्यांवर पडून आहे. त्या “गेल्या” म्हणून कुणी सांगितलं तर लगेच मानू नका. आधी दुसरी डिस्क लावून बघा, मग हीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदला. जे वाचता येतं ते आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवा, अवघड भागासाठी नंतर झगडा. आणि ज्याच्या घरी अजून चालता ड्राइव्ह आहे, त्याने शेजाऱ्यांच्या डिस्कही वाचून द्याव्यात, याच वर्षी.